तिसरा पोर्ट

नारिनहून अत-बाशीला पोचायला दीड तास,
घाटात बर्फ असेल तर तीन.
त्या दिवशी चार लागले,
आणि दवाखान्यात पाय ठेवताच डॉक्टर तालाय म्हणाले,
"डबा मेलाय."

डबा मेला नव्हता.
मरतो तेव्हा सगळे दिवे एकदम जातात.
निळा पोर्ट उजळलेला होता,
पिवळ्यांतला पहिला, दुसरा लुकलुकत होते.
चौथा रिकामा, त्याच्या अंधाराला अर्थ नाही.
तिसऱ्यात मात्र वायर होती,
आणि तरी अंधार.

सगळ्यात स्वस्तातला राउटर, सरकारी खरेदी,
बुडाशी अजून किमतीची चिठ्ठी.
बिश्केकच्या हेल्पलाइनने फोनवरून
तो अकरा वेळा बंद-चालू करवून घेतला होता.
बंद-चालू हा आमच्या धंद्यातला अंगारा.
कधी कधी गुणही येतो.

मी आधी वायरीला विचारते.
तिसऱ्यातली काढून चौथ्यात खोचली:
टक्. हिरवा दिवा.
म्हणजे वायरीवर उगाच आळ.
मग माझ्या पिशवीतली, खात्रीची,
तिसऱ्यात लावली.
टक् झालं. दिवा नाही.
वायर निर्दोष, पलीकडचा संगणक निर्दोष,
तोंडच आजारी.

सायराकान एजे, इथली सगळ्यात जुनी नर्स,
चहाची वाटी घेऊन मागे उभी होती.
तिने ॲप्रनच्या खिशातून टॉर्च काढून दिली,
पोरांचे घसे बघायची.
मी वाकले. आ कर, असं म्हणायचंच बाकी होतं.

आत आठ सोनेरी तारा.
मधल्या सहा ताठ.
कडेच्या दोन, पहिली आणि आठवी,
खाली दबलेल्या.
आठवीवाचून चालतं: या स्वस्त डब्यात
चारच राबतात, बाकी चौघी नुसत्या पंगतीला.
पण पहिली राबणारी.

दोन्ही कडा एकदम, मधलं सगळं शाबूत.
असं टेलिफोनच्या पिनेने होतं.
जरा अरुंद असते, पण बसते,
टक् असा आवाजही करते,
आणि बसता बसता कडेच्या दोघींना चेपते.

मी मान वर केली.
खिडकीत करडा जुना फोन.
धूळ नव्हती त्याच्यावर.
आणि त्याची वायर भिंतीकडे गेलीच नव्हती,
नीट वेटोळं करून टेबलाच्या या कडेला ठेवली होती.

एजेने वाटी खाली ठेवली.
"लाइन कापली त्यांनी, बटाटे काढायच्या दिवसांत.
मला वाटलं, एवढं सगळं यातून येतं,
आवाजही येत असेल.
एर्निसला याकुत्स्कमध्ये हाच नंबर पाठ आहे."
मग हळूच,
"रात्रपाळीला लावायचे. डॉक्टर यायच्या आत काढायचे."

किती रात्री, हे मी विचारलं नाही.

डबा बंद केला. तिनेच आणलेल्या सुईने
पहिली तार उचलून पाहिली.
उचलली गेली, क्षणभर उभी राहिली,
मग मोडली.
डॉक्टरांची वायर चौथ्यात कायमची केली,
तिसऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली.
डॉक्टर आतल्या खोलीतून ओरडले, "जिवंत झाला!"
आणि पुढचा पेशंट बोलावला.

फॉर्मवर 'बिघाडाचं कारण' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं: वापराने झीज.
एजेने वाचलं. बोलली काही नाही,
फक्त माझ्या वाटीत आणखी चहा ओतला,
दूध जास्त, मीठ घालून.
टेलिफोन ऑफिसात माझं काडीचं चालत नाही.
तरी म्हटलं, सांगून बघते.
"सांगा," ती म्हणाली,
जसं ती पेशंटना म्हणत असेल, होईल बरं.

परतीच्या मिनीबसमध्ये
तिकिटाचे पैसे काढायला खिशात हात घातला
तर बोटांना ती वायर लागली,
करडी, टेलिफोनची.
पुन्हा कुठल्या पोर्टात जाऊ नये म्हणून
मीच उचलली होती, तिच्यादेखत.
ड्रायव्हर हात पुढे करून थांबलेला.
बाहेर घाट सुरू झाला होता.