सतरा नंबरची ओळ

ॲलिस्टर गौअरच्या वह्या पेन्सिलीच्या.
पंधरा वर्षं ओटागोच्या कड्यांवर,
हराकेकेच्या पात्यांत पोटावर झोपून
त्यानं होइहो मोजले:
पिवळ्या डोळ्यांचे, माणूसघाणे पेंग्विन,
पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लोंबवलेले.
पाच पूर्णांक दोन. चार पूर्णांक नऊ.
सतरा नंबरच्या घरट्यापुढे मात्र
"पाचेक. चावली."

ते "पाचेक" मी जसंच्या तसं टंकलं
आणि वजनांचा अख्खा रकाना शब्दांचा झाला.
इथे एका माळेत एकाच जातीचे मणी.
एका आंब्यानं अढी नासावी तशी
चारशे बारा वजनं
अवतरणचिन्हांत जाऊन बसली,
बेरजेला तयार होईनात.
घरट्यांच्या नंबरांनाही तीच लागण:
रांगेत लावले तर
दहा येऊन उभा दोनच्या आधी,
अक्षर लहान म्हणून.

म्हटलं, व्हा परत आकडे.
झाले. पण भलतेच.
एक, सात, तीन, सात.
ही वजनं नव्हेत, हे पाट.
पंगतीत कोण कितव्या पाटावर, तेवढंच सांगतात.
आणि मी अर्धी दुपार खूश होते
की सात किलोच्या माद्या इतक्या!

तिथून परतायची वाट आडवळणाची:
आधी शब्दापाशी जायचं,
मग त्याचा हात धरून आकड्यापाशी.
गेले. लाल अक्षरांत समज मिळाली
की रूपांतरात काही हरवलं आहे.
काय, ते सांगितलं नाही.
मला माहीत होतं. पाचेक.

तरी सरासरी आली एकशे एकोणीस किलो.
मेरेआना खुर्चीतून पडायची राहिली.
आमच्या आधीच्या कुणा फर्गसला
रिकामी जागा बघवत नसे;
सत्तेचाळीस ठिकाणी त्यानं भरून ठेवलं होतं
नऊशे नव्याण्णव.
टनाला एक किलो कमी असा पक्षी
समुद्रातून वर येतोय, वाळूवर डुलत,
आम्ही दोघी बराच वेळ तेच बघत होतो.

मग एकेक नव्याण्णव पुसला.
तिथे शून्य घालायचं नव्हतं.
पिलांच्या रकान्यात शून्य आहेत, ती खरी आहेत:
कुणीतरी ओणवं होऊन आत हात घातला
आणि हाताला काही लागलं नाही.
पुसलेल्या जागी फक्त
नाही माहीत.

यंत्राला विचारलं,
हे एक नाही माहीत आणि ते दुसरं,
सारखीच का?
म्हणालं, नाही माहीत.
मी आणखी दोनदा विचारलं, उगाच.

सतराच्या ओळीत पाचेकच्या पुढे
सलग तीन आठवडे कोरे.
मला वाटलं, गेली बिचारी.
बाराकूडा, नाहीतर जाळं, नाहीतर ताप.
ॲलिस्टरला फोन केला.
तो किटलीचा आवाज बंद करून परत आला.
"ती कुठे गेली? मी गेलो होतो.
खुबा बदलला डनेडिनला.
ती येत असणार रोज,
कुणाला चावायचं म्हणून शोधत."

म्हणजे कोरी जागा पक्ष्याची नव्हतीच.

तरीही सरासरी भरू का, मी विचारलं,
पाच पूर्णांक तीन, कुणाला कळणार?
मेरेआना जॅकेटची चेन लावत म्हणाली,
"अंदाज तुझा. वजन तिचं."
आणि टॉर्च घेऊन गेली खाली,
संध्याकाळची पाळी तिची होती.

अज्ञातं वगळायची कळ
माझ्या बोटाखालीच आहे.
ती दाबली की बेरीज येते, गुळगुळीत.
न दाबता बघितलं:
चारशे बारा ओळींची बेरीज,
नाही माहीत.

शेऱ्याचा रकाना मी आकड्यांत बदलला नाही.
त्यात तिसऱ्या आठवड्यानंतर, थरथरत्या अक्षरात:
"काठी घेऊन अर्ध्यापर्यंत.
दिसली नाही. ओरडली."