तरंगंबाडीला, शनिवारी

किमचीच्या डब्याला दोन रबरं लावली,
तरी गाडीभर वास.
सेल्वम् बोलत नाही काही,
काच तेवढी दोन बोटं खाली करतो.

मरक्काणमची मिठागरं.
नवरा फोनवर: दुसरी पाळी, सुटे भाग, सोमवार.
मी पांढरे ढीग मोजते, चुकते, सोडून देते.

किनाऱ्यावर सुंडल विकणारी बाई
हारिमला काहीतरी विचारते
आणि हा सहा वर्षांचा माझा मुलगा
तमिळमध्ये चक्क घासाघीस करतो.
सेल्वम् पोट धरून हसतो.

काय म्हणाली रे?
"गाव कोणतं, म्हणाली."
मग?
तोंडात चणे, खांदे उडवून:
"श्रीपेरुंबुदूर. दुसरं कुठलं?"

नवऱ्याला सांगत नाही हे.
परतताना डबा पुन्हा बांधते.
एक रबर तुटतं.