खो मिळेपर्यंत

ऋतिका गलांडे पुण्याचं कॉलेज सोडून
सांगलीला आली; आईचं डायलिसिस मिरजेत.
टीसी आली, मायग्रेशन आलं,
मागच्या वर्षीची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत.
सरांनी चष्मा कपाळावर नेला,
"विद्यापीठ बदललं ना? मग एक वर्ष बाहेर.
नियम काही माझा नाही, पोरी."

मी मैदानावर फक्की मारणारा.
आठ चौकोन, दोन खांब,
रेघ वाकडी गेली की पायानं पुसून पुन्हा.

सरावाला ती शेवटच्या चौकोनात बसते,
तोंड कृष्णेकडे,
बोटं मातीत, टाच उचललेली.
सामन्याला मात्र पाण्याच्या जगाशेजारी.
परवा पळणारी पोर हातभरावरून निसटली
तसा हिचा डावा पाय उठला,
आणि कुणी बघायच्या आत
गपकन खाली.

किती राहिलं गं?
"एकशे चौदा दिवस, मामा.
खो मिळायच्या आधी उठलं
तर फाऊलच की."

मग माझ्या हातातलं घमेलं घेतलं
आणि मधल्या पाटीची उरलेली रेघ
तिनंच ओढली.
जराशी वाकडी.
मी पुसली नाही.