सत्तर शोअर

शुक्रवारी रबाळ्यात लाइट नसते.
प्रेस गार, कंप्रेसर गार,
पोरी दाराजवळच्या उजेडात बसून
ओ-रिंगांच्या कडा कात्रीनं साफ करत होत्या.
मी मोबाइलवर ई-मेल चाळत होते
आणि त्यात चार कोटी आले.

"आदरणीय महोदय" म्हणत आले.
(मी महोदया. पण चार कोटींना एवढं माफ.)
दुबईतल्या कुठल्याशा घराण्याचा फंड,
तारण नको, व्याज नावाला,
"आपल्या दूरदृष्टीने आम्ही भारावून गेलो आहोत."

ते वाक्य मी दोनदा वाचलं.
चौदा वर्षं रबर शिजवतेय,
भारावून कुणी गेलं नव्हतं.
बँकेकडे मागितला होता एक डोळा, बारा लाखांचा,
तर साहेब म्हणाले, मॅडम, मिस्टर काय करतात?
इथे दोन डोळे, वर चष्मा.

खोटं कशाला बोलू, हिशोब मांडलाच.
नवी प्रेस. छताचे पत्रे.
सुगंधाचा दिवाळीपासून अडकलेला बोनस.
चहावर साय धरेपर्यंत
महापे नाक्यापर्यंतचे तीन गाळे घेऊन झाले होते माझे.

मग खाली पाहिलं.
पत्ता, गाळा क्रमांक आर चारशे बारा.
तो आम्ही कोविडच्या आधीच सोडला,
आता तिथे बिस्किटांचे खोके बनतात.
आणि मालक म्हणून दोन नावं,
माझं, आणि प्रबोध केळुसकर.
प्रबोध!
दुसऱ्याच वर्षी इंदूरला गेला तो,
आपलं भांडवल
आणि माझा एकुलता एक धड व्हर्नियर घेऊन.
त्याच्याही दूरदृष्टीनं भारावले होते ते.

चौगुलेचाचांना वाचून दाखवलं.
ते भिवंडीच्या व्यापाऱ्याचा नमुना बघत होते,
काळा, तुकतुकीत, आरशासारखा.
म्हणाले, चमकतंय बघ किती. म्हणजे तेल जास्त.
सुई लावायच्या आधी नख लावायचं,
आणि ताणायचं.
पांढरं पडलं की समज, खडू भरलाय.
ते रबराबद्दल बोलत होते. बहुतेक.

मी ताणलं.
लिहिलं, आमचा नेमका कोणता माल पसंत पडला आपल्याला?
अकरा मिनिटांत उत्तर,
"आपली सर्व उत्पादने उत्कृष्ट आहेत.
कृपया कागदपत्र शुल्क रुपये अठ्ठेचाळीस हजार पाचशे
आज सायंकाळी पाचच्या आत भरावे."

पांढरं पडलं.

घरात चार कोटी असलेल्या माणसाला
माझे अठ्ठेचाळीस हजार कशाला लागतात,
तेही पाचच्या आत?
आणि खातं कुणाचं, तर
झारखंडातल्या कुण्या मोबाइल दुकानाचं.

मेल उडवायला अंगठा नेला
आणि थांबले.
त्या एका वाक्यापाशी.
माहीत असूनही.
हे कुणाला सांगितलं नाही मी, चाचांनाही नाही.
मग उडवला. मग कचऱ्यातूनही उडवला.
मग शेजारच्या गाळ्यातल्या बिजूला फोन केला.
त्यालाही आला होता. तो व्हॉल्व्ह बनवतो.
त्याच्याही दूरदृष्टीनं.
त्यानं पैसे भरले होते, म्हणाला, थोडेच.
किती ते विचारलं नाही.

संध्याकाळी अजून एक मेल.
बँकेचा. माझं नाव त्यात "हेमगिनी तुरणे".
आदरणीय नाही, नमस्कार नाही.
मार्चचं रिटर्न वाचता येत नाही, पुन्हा जोडा.
अर्ज प्रलंबित.
पैसे मागितले नाहीत, घाईही केली नाही,
भारावलेलं तर कुणीच नव्हतं.

तरी सोमवारी ऐरोलीच्या शाखेत
स्वतः जाऊन विचारणार आहे, तुमचाच ना हा?
चाचा म्हणाले, कडक दिसतंय प्रकरण.
म्हटलं, सत्तर शोअर.
पंपात तेवढंच टिकतं.