तपासनीस

पस्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
मोजल्या नाहीत, तपासल्या. मोजणारे वेगळे.
शाई जरा पसरली, आकडा केसभर सरकला,
की माझं बोट तिथं आपसूक थांबायचं.
ती नोट बाजूला. मग तिचे तुकडे,
रजिस्टरात नोंद, दोन सह्या.
संध्याकाळी गेटवर झडती द्यायची
आणि बसनं शरणपूरला यायचं,
रिकाम्या हातांनी.

आता निवृत्त. रविवारी शब्बाथशाळा घेते.
परवा धडा यहूदाचा होता.
मी सांगत होते, नाणी तिकडची असली
तरी आपल्या शास्त्रात तीस रुपयेच लिहिलंय.
पोरं हसली. तीस रुपयांत हल्ली
अर्धी मिसळसुद्धा येत नाही.
पाथऱ्यांची तबिथा हसली नाही.
म्हणाली, बाई, हे सगळं आधीच ठरलेलं होतं ना?
मग त्यानं नसतं केलं तर कुणी करायचं?
मी म्हटलं, निवड ज्याची त्याची असते.
ती म्हणाली,
तुम्हीच सांगितलंत, नोट वाकडी छापली की फाडतात.
मशीनला काय करतात?

मशीनला तेल देतात, तबिथा.
पण हे मी बोलले नाही.
घंटा वाजवली, पाच मिनिटं आधीच.

जयवंत माझा धाकटा. मंडळीचा खजिनदार.
दफनभूमीच्या भिंतीसाठी निधी जमत होता
आणि त्याच्या बायकोचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस.
वही माझ्यासमोर सहज आली होती,
बेरीज बघ म्हणून, चहाच्या कपाशेजारी.
एकाचा सात केलेला.
बोट थांबलं.
भावाची वही आहे, पुढचं पान उलटावं,
हे मला सुचलं नाही असं नाही.
सुचलं. आणि खरं बोलावं, हेही लहानपणापासून
आईनं इतक्या वेळा घोकून घेतलेलं
की दोन्हींतलं देवाचं कुठलं
ते आजही सांगता येत नाही मला.
मी कमिटीला कळवलं.

त्यानं पैसे परत आणून दिले.
पाळकांच्या ओट्यावर पिशवी ठेवली,
म्हणाला, माझं चुकलं.
रविवारी सभा लागणार होती.
गुरुवारी रात्री तो गंगापूरच्या कालव्याकडे गेला.

उजागरे पाळक मातीला आले,
पण झगा न घालता.
छत्री मिटून उभे राहिले कडेला.
मग कमिटीत विषय निघाला,
हा पैसा निधीत घ्यावा की न घ्यावा.
ज्यांनी हे वाक्य जन्मभर पुलपिटावरून ऐकलं होतं
त्यांतल्या एकालाही ते ओळखू आलं नाही.
घेतला. भिंत झाली.
जयवंत आतल्या बाजूला, शेवटच्या रांगेत.

पेत्रानं तीनदा नाकारलं, त्याला किल्ल्या मिळाल्या.
यहूदानं रुपये परत नेऊन टाकले, चुकलो म्हणाला,
आणि त्या क्षणी त्याला क्षमा करू शकणारा एकटा
दुसरीकडे खांबाला बांधलेला.
पेत्र फक्त तिसऱ्या दिवसापर्यंत टिकला.
एवढाच का फरक?
मी हे रात्री देवाला विचारते,
आणि माझी जागा या गोष्टीत कुठली, तेही.
वही घेऊन जाणारी कोण?
चुंबन तर मीही घेतलं होतं त्याचं,
त्याच संध्याकाळी, निघताना, गालावर.

पुढच्या रविवारी धडा थोमाचा आहे.
तबिथा पहिल्या बाकावर बसेल.
मी तिला सांगणार आहे, मला येत नाही याचं उत्तर.
त्यापुढं काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.

जयवंतच्या दगडावर गवंड्यानं तारीख चुकवली.
गेला तेराला, कोरलंय चौदा.
मला पहिल्याच दिवशी दिसलं.
गवंडी पैशांसाठी उभा होता, म्हणाला, बाई, बघून घ्या नीट.
मी बोट फिरवलं अक्षरांवरून.
ठीक आहे, म्हटलं.