उलटी वही

उभादांड्याला आमच्या घरामागे
जाळी ठेवायची खोप होती.
सासऱ्यांनी होडी विकली, मग खोपीत कुत्री आली.
आधी एक, मग दोन, मग गेटावर पाटी:
‘लॅब्राडोरची पिल्ले मिळतील.
दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.’

हिशेब माझ्याकडे.
डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च:
तांदूळ, बांगडा, सुंगटांची टकली,
जंताचं औषध, लशी, कुडाळच्या डॉक्टरांचं पेट्रोल.
जमेच्या पानावर पिल्लं.
त्यांना नावं ठेवायची नाहीत, घरचा नियम.
पहिलं, दुसरं, काळं, पायावर ठिपकेवालं.
नाव ठेवलं की भाव सांगताना जीभ अडते,
उदय म्हणतो. बरोबरच म्हणतो.

पाच वर्षांत बायोची चार वेतं.
चौथ्याला पोट कापावं लागलं.
डॉक्टर हातमोजे काढून मोरीपाशी उभे राहिले,
नळ सोडलाच नाही.
‘पुढच्या वर्षी हिच्यासाठी मला बोलावू नका.’
मी फी विचारली.
मला तेव्हा तेवढंच सुचलं.

रात्री उदय पायरीवर बसून म्हणाला,
‘मगे पिंगीक लावया. दीड वर्षाची झाली ती.
कोल्हापूरच्या पार्टीचो ॲडव्हान्स इलो हा, पाच हजार.
आणि एक जण हस्की विचारता.’
हस्की! बर्फातलं कुत्रं.
इथे मे महिन्यात
मिठाच्या बरणीलासुद्धा घाम फुटतो.
मी हसले. तोही हसला,
मग बराच वेळ नुसता विडीशी खेळत राहिला.

ऋजुता नववीत आहे.
तिने माझी वही घेतली, उलटी केली
आणि शेवटच्या पानापासून लिहायला लागली:
कुठलं पिल्लू कुठे गेलं.
तेहतीस पिल्लं. फोन नंबर एकवीस.
नावं मात्र तेहतीसच्या तेहतीस.
चोरून ठेवली होती, सगळ्यांना.

रविवारी फोन लावले.
सावंतवाडीची बाई म्हणाली, सोफा खाल्ला हो त्याने,
थांबा, फोटो पाठवते.
बांद्याचे मास्तर म्हणाले, पार्व्होने गेला,
तुम्हांला मुद्दाम काय कळवायचं.
सांगलीचा माणूस म्हणाला, कुठलं कुत्रं?
हां, ते. दिलं पुढे.
पुढे म्हणजे?
फार्महाउसवाल्याला. त्याच्या पुढचं माहीत नाही.
ऋजुताने त्या ओळीत काही लिहिलं नाही,
पेन टेकवून बसली,
शाईचा डाग पसरत खालच्या ओळीवर गेला.

मी काही साध्वी नाही.
बर्फाच्या फॅक्टरीत उदयला अकरा हजार मिळतात,
आणि खोपीवरचे, घरावरचेही पत्रे
बायोच्या दुसऱ्या वेतातून आलेत.
पावसात त्यांच्याखाली मी गाढ झोपलेय.

सोमवारी पाच हजार परत पाठवले.
उदय दिवसभर बोलला नाही.
संध्याकाळी गेटावर खरवडल्याचा आवाज आला.
पाटीवरची पहिली ओळ गेली होती, तिच्या जागी
त्याच्या वाकड्या अक्षरात:
‘गावाक जाताना कुत्रो ठेवन जावा. दिसाक दोनशे.’
त्याखाली पोरीने बारीक लिहिलं:
‘आमच्याकडून नेलेलं नको झालं तर परत आणा. कधीही.’
दुपारी एक ते चार बेलची ओळ तशीच राहिली.

‘पिंगी तीन वर्षांची होऊ दे,’ मी म्हटलं, ‘मग बघू.’
‘तवसर खावचा काय?’
हे त्याने पाटीलाच विचारलं.
पाटी अजून ओली होती.

नऊ वाजता मी बायोला जेवण नेलं.
ती टाक्यांवर जीभ फिरवत होती,
मला बघून शेपटी एकदाच जमिनीवर आपटली.
अर्धा बांगडा, काटे काढून.
तो वहीत लिहिला नाही.