पिवळे कण

रुबाब तडवीने काउंटरवर तीन फिल्टर मांडले,
यावल नाक्यावरच्या दुकानात, पंख्याखाली.
पहिला नव्वद रुपयांचा. बोटाने ठोकला तर
रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा वाजतो, म्हणे.
मला काय कळणार.
इटारसीच्या डिझेल शेडमध्ये तेहेतीस वर्षं काढली,
निवृत्तीच्या हारासोबत घरी आलो
ते कान तिथेच ठेवून.

"तुमाले कोनता पायजे, काका?"
ओठांवरून वाचलं.
म्हटलं, उघडता येईल असा दे.
"उघडाले तो काय नारय हाय का?"

शेडमध्ये माझ्याकडे बाटल्या यायच्या,
अंगठ्याएवढ्या, इंजिनाचा नंबर चिकटवलेल्या.
थेंबभर तेल जाळायचं, आकडे वाचायचे.
लोखंड वाढलं तर लायनर, रिंगा.
सिलिकॉन म्हणजे धूळ; एअर फिल्टरवाल्याला बोलवा.
तांबं आणि शिसं जोडीने आले
की मी लाल शाईचं पेन शोधायचो.
बाहेर यार्डात ते इंजिन धडधाकट उभं असायचं,
आणि मी लिहायचो, थांबवा.

इथे भुसावळात कसलं मशीन?
एक इंडिका, एम एच एकोणीस, दोन हजार सहाची,
आणि शेजारच्या सीटवर प्रमिला,
जी फैजपूर सुटलं की म्हणते, आवाज येतोय.
कसला? विचारलं तर तोंडाने सांगत नाही,
माझ्या मनगटावर बोटाने वाजवून दाखवते.
टक. टकटक. टक.

दुसरा फिल्टर सर्वांत महाग. रुबाब त्याच्या बाजूने.
बारीकातलं बारीक अडकतं यात, तेल मधासारखं राहतं.
खरंय. म्हणूनच नको होता मला.
तेल एवढं साफ राहिलं तर तेलाला विचारायचं काय?
जे घडलं ते सगळं त्या डब्याच्या पोटात,
सरसाने चिकटवलेल्या घड्यांत,
आणि डबा जातो भंगारात.
स्वस्तातला तर काही धरतच नाही,
झिजलेलं पुन्हा पुन्हा इंजिनालाच पाजतो.

तिन्ही घेतले. तिन्ही कापले,
नवे, कोरे, तेलाचा थेंब न लागलेले.
रुबाबने कपाळावर हात मारला.
करवतीने नाही कापले. करवतीचंच लोखंड आत पडतं
आणि आळ येतो इंजिनावर.
नळ कापायची चकती फिरवली, गोल गोल,
कडेचा पत्रा अलगद सुटेपर्यंत.
तिसऱ्याच्या घड्या रुंद, आत जाळी, सरस कमी,
कागद उलगडला तर फाटला नाही.
ना फार स्वस्त, ना फार हुशार.
हा बसव, म्हटलं.

पाच हजार किलोमीटरनंतर, चैत्रात,
गच्चीवर प्रमिलाच्या बिबड्या वाळत होत्या
जुन्या लुगड्यावर, चारी कोपऱ्यांना विटा.
मी पलीकडे तो काळा कागद पसरला,
रॉकेलमध्ये धुऊन, चिमटे लावून.
ती लांबूनच हातवारे करत होती,
शिंतोडे उडाले तर बघा.

कागदाखालून लोहचुंबक फिरवला.
काळी लव उभी राहिली, चुंबकामागे सरकली.
एवढं चालायचंच, एवढं प्रत्येकात निघतं.
पण दोन कण हलले नाहीत.
चुंबक त्यांच्या खालून तीनदा गेला.
ते तसेच, पिवळे,
बिबडीवरच्या तिळाहून लहान.
एक बोटाच्या ओल्या टोकावर उचलला,
उन्हात तिरका धरला.
वरचा राखाडी थर झिजून
बेअरिंगचं तांबं उघडं पडलं होतं.

ती केव्हा मागे येऊन उभी राहिली
कळलं नाही. पिठाचे हात.
माझ्या बोटाकडे बघितलं,
मग मनगट धरलं आणि वाजवलं,
टक. टकटक. टक.

हो, म्हटलं. तेच.
बहुतेक फार मोठ्याने म्हटलं असणार,
कारण शेजारच्या गच्चीवरच्या अत्तरदेबाईंनी
वळून पाहिलं.